एका वाक्याची तपासणी : संप, गिरण्या आणि मनोयुद्ध

लोअर परळच्या एका शाळेत नववी-दहावीच्या मुलांशी बोलण्यासाठी आम्हाला बोलावले होते. विषय होता ‘वैज्ञानिक पद्धत’. गृहीतक म्हणजे काय, पुरावा कशाला म्हणायचे, एका घटनेमागोमाग दुसरी घडली म्हणजे पहिली दुसरीचे कारण ठरते का, असे नेहमीचे बोलणे चालू होते. उदाहरण मुलांच्या परिसरातले असावे म्हणून आम्ही विचारले, “तुमच्या शाळेभोवती एके काळी इतक्या कापड गिरण्या होत्या. त्या बंद का पडल्या?”

“संपामुळे!” वर्गातून एका सुरात उत्तर आले. एक मुलगा उठून म्हणाला, “माझे आजोबा संपात होते. काका म्हणतात, त्यांनी स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला.” यावर मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, ते सगळं सायकॉलॉजिकल ऑपरेशन होतं. मालकांनी लोकांच्या डोक्यात भरवून दिलंय.”

वर्गशिक्षिकांना वाटले, चर्चा राजकारणाकडे चालली. मूळ विषयाकडे वळावे. आम्हाला मात्र वाटले की मूळ विषय आता कुठे सुरू झाला आहे. फळ्यावर दोन विधाने होती. पहिले : संपामुळे गिरण्या बंद पडल्या. दुसरे : पहिले विधान म्हणजे लोकांची मते वळवण्यासाठी केलेली कारवाई आहे. दोन्ही आत्मविश्वासाने केलेली, दोन्ही तपासून न पाहिलेली. तासात जेवढे झाले त्यापेक्षा अधिक सविस्तर तपासणी आम्ही येथे करीत आहोत.

शब्दाचा अर्थ

‘सायकॉलॉजिकल ऑपरेशन’ हा मूळचा लष्करी शब्द. मराठीत त्याला मनोयुद्ध म्हणण्याचा प्रघात आहे. शत्रूचे सैनिक किंवा नागरिक यांच्या भावना, मते आणि शेवटी त्यांचे वागणे आपल्याला हवे तसे वळावे, यासाठी योजना आखून पोचवलेली माहिती म्हणजे मनोयुद्ध. १९९१ च्या आखाती युद्धात इराकी सैनिकांवर सुमारे २ कोटी ९० लाख पत्रके टाकण्यात आली. शरण कसे यावे, शस्त्रे कशी टाकावीत, याच्या सूचना चित्रांसह त्यांत होत्या.

या क्षेत्रातले लोक प्रचाराचे तीन रंग सांगतात. बोलणारा स्वतःचे नाव सांगतो तो पांढरा प्रचार. बोलणारा कोण ते कळत नाही तो करडा. आणि बोलणारा दुसऱ्याच कोणाचे सोंग घेतो तो काळा. दुसऱ्या महायुद्धात १९४३ पासून ब्रिटिशांनी ‘सोल्डाटेनझेंडर कॅले’ नावाचे नभोवाणी केंद्र चालवले. ते जर्मन लष्कराचेच केंद्र आहे असा आव आणला जाई. त्यावर नाचगाण्याचे संगीत असे, खेळांचे निकाल असत आणि बातम्याही असत. त्यातल्या पुष्कळ बातम्या खऱ्या असत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. श्रोत्याचा विश्वास बसल्याशिवाय मध्येच सोडलेल्या खोट्या बातमीचा उपयोग काय?

हे तीन रंग शिकवायला सोपे आहेत. पण त्यांत एक मोठी उणीव आहे. ते फक्त ‘कोण बोलले’ एवढेच विचारतात. ‘काय बोलायचे राहिले’ हे विचारत नाहीत. मुंबईतलेच उदाहरण घेऊ. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर दोन प्रचंड स्फोट झाले. जहाजात दारूगोळ्याबरोबर कापसाच्या गासड्याही होत्या. शेकडो माणसे मेली, गोदीलगतचा भाग जळून गेला. युद्धकाळातल्या सेन्सॉरमुळे हे वृत्त दाबून ठेवण्यात आले. बाहेरच्या जगाला ते सांगितले जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने, दुसऱ्याच दिवशी. आपल्या वार्ताहरांना बातमी बाहेर पाठवण्याची परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे ज्या शहराने स्फोट कानांनी ऐकला त्या शहराची बातमी शत्रूच्या तोंडून जगाला कळली. शत्रूला खोटे बोलण्याची गरजच पडली नाही; सरकारने मोकळी सोडलेली जागा त्याने भरून काढली.

यावरून एक गोष्ट पदरी बांधावी. ‘हे खरे की खोटे’ हा प्रश्न आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. खऱ्याचा एक तुकडा सांगून आणि बाकीचे वगळूनही मत वळवता येते.

मानसशास्त्राचे प्रयोग

असा तुकडा मनात पक्का कसा बसतो, यावर बरेच संशोधन झाले आहे. १९७७ साली हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीन वेळा काही विधाने ऐकवली आणि ती कितपत खरी वाटतात ते विचारले. काही विधाने प्रत्येक वेळी नवी होती, काही पुन्हा पुन्हा येत होती. पुन्हा आलेली विधाने, मग ती खरी असोत वा खोटी, दर खेपेला अधिक खरी वाटू लागली. नव्या पुराव्याची भर पडलेली नव्हती. फक्त ओळख वाढली होती. सवयीने तोंडात बसलेले वाक्य मनाला सोपे जाते, आणि सोपे जाते म्हणून खरे वाटते.

“ज्याला माहिती आहे तो फसणार नाही,” असे आपण शिक्षक म्हणू. २०१५ साली लिसा फाझिओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच तपासले. त्यांच्या विधानांपैकी एक होते : ‘स्कॉटलंडचे लोक नेसतात त्या आखूड चुणीदार वस्त्राला साडी म्हणतात.’ आपल्या वर्गात यावर हशा पिकेल. पण अशा विधानांचे खरे उत्तर ज्यांना ठाऊक होते, त्यांनाही पुनरुक्तीनंतर ती थोडी अधिक खरी वाटली. माहिती असणे आणि ती ऐन वेळी वापरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा प्रयोग १९५१ चा, हॉव्हलंड आणि वाइस यांचा. एकच मजकूर काहींना विश्वासार्ह आणि काहींना अविश्वासार्ह लेखकाच्या नावाने वाचायला दिला. सुरुवातीला अविश्वासार्ह नावाच्या मजकुराचा परिणाम कमी दिसला. पण चार आठवड्यांनी हा फरक पुसला गेला. सांगणाऱ्याचे नाव मनात मागे पडले होते, सांगितलेले मात्र उरले होते.

आता दुसरी बाजू. याच हॉव्हलंड यांनी महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैनिकांना दाखवल्या जाणाऱ्या प्रचारपटांचा अभ्यास केला होता. चित्रपट पाहून सैनिकांना युद्धाविषयीची माहिती पुष्कळ मिळाली, काही मतेही बदलली; पण लढण्याची इच्छा वाढावी हा जो मुख्य हेतू, त्यावर परिणाम जवळजवळ दिसला नाही. प्रेक्षक जागचा हलू शकत नव्हता, पैशाला तोटा नव्हता, चित्रपट उत्तम होते, तरीही. तेव्हा मनोयुद्ध करणारा माणूस कळसूत्री बाहुल्या नाचवतो तशी माणसे नाचवतो, ही समजूतही प्रयोगाला उतरत नाही.

पहिले वाक्य

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. मागण्या पगारवाढीच्या आणि बोनसच्या होत्या. शिवाय १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला दिलेली मान्यता कामगारांना नको होती. संप वर्षाहून अधिक काळ चालला आणि रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हजारो कुटुंबे गावी परतली, भांडीकुंडी विकली गेली, पुष्कळांना पुन्हा कधी कामावर घेतले नाही. हे सारे खरे आहे, आणि वाक्याचा जोर या खऱ्या भागातून येतो.

आता विज्ञानाच्या तासाला विचारतो तेच प्रश्न विचारू. पहिला प्रश्न क्रमाचा : कारण आधी आणि परिणाम नंतर, असे आहे का? ‘आजारी गिरणी’ हा शब्दप्रयोग संपाच्या आधीचा आहे. १९६८ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ स्थापन झाले ते अशाच गिरण्यांसाठी, आणि १९७४ च्या कायद्याने देशातल्या १०३ आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९५६ पासून सरकारी धोरणाने गिरण्यांच्या मागांची संख्या गोठवली होती, तर भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमाग वाढत होते. देशातल्या एकूण कापडात गिरण्यांचा वाटा स्वातंत्र्यानंतर सतत घसरत जाऊन १९८० च्या सुमारास निम्म्याच्याही खाली आला होता. अनेक मालकांनी जुनी यंत्रे बदलली नव्हती. गिरणी धापा टाकू लागली होती ती संपाच्या आधीच.

दुसरा प्रश्न तुलनेचा : जेथे हे कारण नव्हते तेथे परिणाम झाला का? अहमदाबादमध्ये १९८२ चा संप नव्हता. तेथे १९२० साली गांधीजींच्या प्रेरणेने स्थापन झालेली मजूर महाजन ही समझोत्याने चालणारी संघटना होती. तरीही १९८० आणि १९९० च्या दशकांत तेथल्या डझनावारी गिरण्या बंद पडल्या आणि लाखाच्या घरात कामगार घरी बसले. कानपूरच्या गिरण्यांचेही तेच झाले. ही प्रयोगशाळेतली तुलना नव्हे, हे मान्य. दोन शहरांत इतर फरकही असतात. पण संप नसतानाही गिरण्या बुडतात एवढे तर ती दाखवतेच.

तिसरा प्रश्न काळाचा : कारण आणि परिणाम यांच्यात अंतर किती? मुंबईतल्या १३ गिरण्यांचे व्यवस्थापन सरकारने ऑक्टोबर १९८३ मध्ये ताब्यात घेतले. पण बहुतेक गिरण्या संपानंतर कमी कामगार घेऊन पुन्हा चालू झाल्या आणि त्यांतल्या कित्येक दहा-वीस वर्षांनी कायमच्या बंद झाल्या. मधल्या काळात काय घडले? १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा विकास करायला वाट मिळाली. जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला, अशी साधारण वाटणी होती. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेपुरती उरली. गिरण्या तर बांधकामांनी भरलेल्या. साहजिकच शहराच्या वाट्याला फारच थोडे आले. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. गिरण्यांची एकूण जमीन सुमारे ६०० एकर, आणि तीही शहराच्या मध्यावर. कापडाच्या तागाला मिळणारा भाव आणि त्याखालच्या जमिनीला मिळणारा भाव यांची तुलना करायला मोठे अर्थशास्त्र लागत नाही.

तेव्हा निष्कर्ष काय? संपाने ऱ्हासाचा वेग वाढवला, मागण्या यंत्रमागांकडे वळल्या, कामगार कमी करायला निमित्त मिळाले. पण ‘संपामुळे गिरण्या बंद पडल्या’ हे एककारणी वाक्य पुराव्यावर टिकत नाही. तो खऱ्याचा एक तुकडा आहे. जुनी यंत्रे, सरकारी धोरण, यंत्रमाग आणि जमीन हे बाकीचे तुकडे त्यातून गळाले आहेत.

दुसरे वाक्य

मागच्या बाकावरच्या मुलीचे म्हणणे मग बरोबर ठरते का? आमच्या मते, तेही नाही.

कारवाई म्हणायची तर योजना दाखवावी लागते. ती कोणी आखली, केव्हा, कोणाच्या पैशाने, कोणासाठी? ‘या वाक्याचा मालकांना फायदा झाला’ एवढ्यावरून ‘मालकांनीच ते पसरवले’ असे सिद्ध होत नाही. पावसाचा छत्रीवाल्याला फायदा होतो. म्हणून छत्रीवाल्याने पाऊस पाडला असे आपण म्हणत नाही. शिवाय येथेही काळाचा प्रश्न विचारायला हवा. जमीन विकण्याची वाट मोकळी झाली १९९१ मध्ये, संपानंतर नऊ वर्षांनी. म्हणून ‘जमिनीसाठीच १९८२ चा संप चिघळवला’ हे विधानही तितक्याच कठोरपणे तपासले पाहिजे. १९९० नंतरच्या बंदीला जमीन हे जोरदार कारण दिसते. १९८२ च्या घटनेला ते सरळ लावता येत नाही.

वाक्य पसरायला सूत्रधार लागतोच असे नाही. हे वाक्य अनेकांच्या सोयीचे होते. मालकाला त्यात यंत्रे न बदलल्याचा जाब द्यावा लागत नव्हता. सरकारला धोरणाचा हिशेब द्यावा लागत नव्हता. ज्यांना संप आधीपासूनच नको होता त्यांना ‘आम्ही म्हणत नव्हतो?’ म्हणता येत होते. वर्तमानपत्राला चार शब्दांत कारण सांगता येत होते. आणि पोळलेल्या घरातही, नशिबाला दोष देण्यापेक्षा एका निर्णयाला दोष देणे सोपे होते. प्रत्येकाने ते आपापल्या कारणाने उच्चारले. पुनरुक्तीचा प्रयोग आठवा. चाळीस वर्षांत ते वाक्य किती वेळा कानांवर पडले असेल!

मनोयुद्धाची व्याख्या इतकी ताणली की तिच्यात सगळेच बसू लागले, तर ती निरुपयोगी होते. मत वळवण्याचा प्रत्येक प्रयत्न म्हणजे मनोयुद्ध नव्हे. गिरणगावानेही मते वळवली आहेत. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक लोकांची मते बदलावीत याच हेतूने गात होते. पण बावटा उघड्यावर होता. गाणारा कोण आणि त्याला काय हवे आहे, हे समोर बसलेल्याला ठाऊक असे. उलट उत्तर द्यायला तो मोकळा होता.

याउलट, उघडपणे सुरू होऊन हळूहळू निनावी होणारी उदाहरणेही असतात. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले तेव्हा काही जाहिरातींत लोअर परळला ‘अपर वरळी’ म्हटले जाऊ लागले. डिलाईल रोडचे ना. म. जोशी मार्ग झाले तो बदल कामगार चळवळीतल्या एका माणसाच्या स्मरणार्थ, जाहीरपणे झाला. ‘अपर वरळी’ हे नाव मात्र विक्रीसाठी आले. जाहिरात पाहताना ती बांधकाम व्यावसायिकाची आहे हे कळते, म्हणजे प्रचार पांढराच. पण तेच नाव उद्या पत्त्यात, टॅक्सीवाल्याशी बोलताना येऊ लागले की सांगणारा विसरला जातो आणि नाव उरते. त्या नावाबरोबर ‘परळ’ या शब्दाला चिकटलेली पाळी, साचेखाते, खानावळ आणि चाळ हीही मागे पडतात. येथे कोणी खोटे बोललेले नाही, तरी काहीतरी पुसले जाते.

‘हे सगळं सायकॉलॉजिकल ऑपरेशन आहे’ या वाक्यावर आमचा खरा आक्षेप असा की त्याची घडण पहिल्या वाक्यासारखीच आहे. तेथे एकच कारण आणि एकच दोषी, येथेही एकच कारण आणि एकच दोषी. पहिले म्हणते, कामगार चुकले. दुसरे म्हणते, सगळे फसले. दोन्ही वाक्ये उच्चारली की शोध संपतो. तरुण मुलांना हा शब्द फोनवरून मिळाला आहे आणि तो त्यांना हुशारीचा वाटतो. संशय घेणे ही विज्ञानाची सुरुवात आहे, हे त्यांना जरूर सांगावे. पण पुराव्याशिवायचा संशय हा पुराव्याशिवायच्या विश्वासाचाच भाऊ आहे, हेही सांगावे.

यात नुसता बौद्धिक खेळ नाही. गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना घरे देण्याचा प्रश्न अनेक वर्षे चालत आला आहे. म्हाडाची त्यांच्यासाठीची सोडत २०१२ साली निघाली आणि अर्जदारांची संख्या लाखाच्या वर गेली. कामगाराने स्वतःच गिरणी बुडवली असे मानले तर ते घर म्हणजे मेहेरबानी ठरते. गिरणी अनेक कारणांनी गेली आणि जमिनीचा लाभ दुसऱ्यांना झाला असे दिसले तर ते घर हक्काचे ठरते. एका वाक्याच्या खरेखोटेपणावर इतके अवलंबून असते.

वर्गात काय करता येईल

कोणत्याही प्रचलित वाक्याला मुलांनी पाच प्रश्न विचारावेत. हे प्रथम कोणाकडून ऐकले, आणि त्याला ते कसे कळले? कारण आधी घडले का? जेथे कारण नव्हते तेथे काय झाले? वाक्यातून काय वगळले आहे? आणि शेवटचा : कोणता पुरावा मिळाला तर मी माझे मत बदलेन? पाचव्या प्रश्नाला उत्तर नसेल तर आपण मत तपासत नसून जपत आहोत, असे समजावे.

लोअर परळ, करी रोड, लालबाग येथील शाळांना तर आयते साधन घरात आहे. आम्ही त्या वर्गाला एक तक्ता करायला सांगितला. घरातल्या किंवा शेजारच्या जुन्या कामगाराला विचारायचे : गिरणी कोणती, खाते कोणते, कायम की बदली, संपानंतर पुन्हा कामावर गेलात का, गिरणी शेवटी कोणत्या साली बंद झाली. मते विचारायची नाहीत, फक्त साले आणि घटना.

तो तक्ता नंतर शिक्षिकांनी आम्हाला दाखवला. पायावर धोंडा मारून घेतल्याचे सांगणाऱ्या मुलाची ओळ त्यात होती. आजोबा साचेखात्यात कायम कामगार होते. संपानंतर १९८३ च्या अखेरीस ते पुन्हा कामावर रुजू झाले, आणि त्यानंतर १४ वर्षे त्यांनी त्याच गिरणीत काम केले. ही १४ वर्षे घरात कोणाच्या बोलण्यात नव्हती. मुलाने तो आकडा दोनदा विचारून घेतला होता आणि त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली होती.